रडण्याचा आवाज, जयघोषाचा आवाज

शास्त्रपाठ : एज्रा ३:८-१३, जखऱ्या ८:४-५



यरुशलेमेत त्या दिवशी मोठा उत्सव होता. बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्या लोकांनी परमेश्वराच्या मंदिराचा पाया घातला होता. याजक आपली वस्त्रे लेऊन, कर्णे घेऊन उभे राहिले. आसाफाच्या वंशातल्या लेव्यांनी झांजा घेतल्या. देव चांगला आहे आणि त्याची दया सर्वकाळ टिकते, असे दावीदाच्या काळापासून चालत आलेले स्तवन लोक आळीपाळीने गाऊ लागले आणि जयघोषाने सारा परिसर दुमदुमला. पण त्याच घटकेस त्या गर्दीतले कित्येक जण मोठ्याने रडू लागले. ते कोणी विरोधक नव्हते. ते वृद्ध याजक, लेवी आणि घराण्यांचे प्रमुख होते. पहिले मंदिर त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

एज्राच्या ग्रंथात पुढे एक लहानशी नोंद आहे. रडणे कोणते आणि आनंदाचे ओरडणे कोणते, हे लोकांना ओळखता येईना. आणि तो आवाज फार दूरवर ऐकू गेला. आज आपण याच नोंदीवर मनन करणार आहोत. कारण एकाच पायाशी उभे राहून एक पिढी रडते आणि दुसरी आनंद करते, हे दृश्य आपल्या मंडळ्यांना नवीन नाही. बेळगाव असो, बडोदा असो, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद किंवा गोवा असो, ज्या ज्या ठिकाणी आपली मराठी मंडळी परभाषेच्या शेजारात जगत आली आहे, तेथे हे दोन्ही आवाज दर रविवारी ऐकू येतात.

वृद्ध का रडले?

शलमोनाचे मंदिर इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने जाळले. नव्या मंदिराचा पाया इ. स. पूर्व ५३६ च्या सुमारास घातला गेला. मध्ये पन्नास वर्षे गेली. म्हणजे मंदिर जळाले तेव्हा जो दहा वर्षांचा मुलगा होता, तो पायाभरणीच्या दिवशी साठ वर्षांचा झाला होता. त्याच्या डोळ्यांपुढे गंधसरूच्या लाकडाच्या भिंती आणि सोन्याने मढवलेले ते भव्य मंदिर होते. आणि समोर काय होते? ढिगाऱ्यातून मोकळी केलेली जागा आणि काही धोंडे. तो रडला यात नवल ते काय?

आपल्या मंडळ्यांतल्या वडीलधाऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढेही एक पहिले मंदिर असते. रेल्वेत, दवाखान्यात, शाळेत नोकरीच्या निमित्ताने त्यांचे आईबाप या गावी आले. परक्या मुलखात मराठी उपासना हेच त्यांचे माहेर होते. बाके भरलेली, मागे मुले उभी, नाताळात कीर्तन, पहाटे गाणी म्हणत निघालेली फेरी, 'उपासना संगीत' न उघडता तोंडपाठ म्हटलेली गीते, हे सारे त्यांनी पाहिले आहे. आज त्याच बाकांवर निम्मी माणसे दिसतात. मुले नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला, परदेशी गेली. उरलेली नातवंडे अर्ध्या उपासनेतून बाहेर जाऊन उभी राहतात. तेव्हा एखादी आजी डोळे टिपते आणि म्हणते, "आमच्या वेळेस असे नव्हते."

हे वाक्य तरुणांना टोमण्यासारखे लागते, आणि कधी कधी ते टोमणा म्हणूनच उच्चारलेले असते हेही खरे. परंतु पुष्कळ वेळा ते शोकाचे वाक्य असते. ज्याने काही गमावले आहे त्याचे ते रडणे आहे. शास्त्रात त्या वृद्धांना कोणी गप्प बसवल्याचे लिहिलेले नाही. मंदिराचे काम पुढे बंद पडले आणि पुष्कळ वर्षे तसेच राहिले. मग इ. स. पूर्व ५२० मध्ये हाग्गय संदेष्टा उभा राहिला. पहिल्या मंदिराचे वैभव पाहिलेला तुमच्यात कोण उरला आहे, आणि त्याला हे मंदिर कवडीमोल वाटत नाही काय, असे त्याने स्पष्ट विचारले (हाग्गय २:३). त्याने त्यांचे दुःख खोटे ठरवले नाही. ते मान्य केले आणि मगच म्हणाला, हिंमत धरा, कामाला लागा. वडीलधाऱ्यांशी बोलताना आपल्या तरुणांनी हा क्रम लक्षात ठेवावा. आधी त्यांची आठवण ऐकून घ्यावी, मग आपली योजना सांगावी.

तरुण का आनंदले?

जे जयघोष करीत होते त्यांच्यापैकी बहुतेक बाबेलात जन्मले होते. त्यांनी कोणतेच मंदिर पाहिले नव्हते. लहानपणापासून त्यांनी आईबापांच्या तोंडून केवळ त्याची वर्णने ऐकली होती. त्यांच्या दृष्टीने हा पाया म्हणजे जुन्याची गरीब नक्कल नव्हती. देवाने आपल्यासाठी केलेली ती पहिली गोष्ट होती. वृद्धांनी कालच्या वैभवाशी तुलना केली, तरुणांनी कालच्या ओसाडीशी. दोघांचा देव एकच, दोघांची भक्ती खरी. फरक होता तो आठवणीचा.

आपल्या मंडळीत दहाबारा तरुण गिटार घेऊन एखादे नवे गीत बसवतात. मागच्या बाकावरचे आजोबा पुटपुटतात, "हा काय धांगडधिंगा!" त्या मुलांच्या दृष्टीने मात्र ती फार मोठी गोष्ट असते. त्यांच्या वर्गात, त्यांच्या कार्यालयात प्रभूचे नाव घेणारे तेच एकटे असतात. येथे ते दहा जण एकत्र आहेत. लहान आरंभाचा दिवस तुच्छ मानू नये, हे जखऱ्याने त्याच मंदिराविषयी सांगितले आहे (जखऱ्या ४:१०). वडीलधाऱ्यांनी ते मनावर घ्यावे.

आणखी एक गोष्ट वडीलधाऱ्यांनी आठवावी. आज ज्याला आपण जुने आणि पवित्र म्हणतो, ते एके काळी नवे आणि तरुणांचे होते. हार्मोनिअम आपल्याकडचे नव्हे. ते युरोपातून आले आणि आपल्या भजनात बसले. बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहून १८५७ साली प्रसिद्ध केले तेव्हा त्यांचे वय फार तर २६ होते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. भजन आणि कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाची जागा मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आपण ज्यांना पूर्वज म्हणून वंदन करतो त्यांनी ही कामे तरुणपणी केली.

एज्राच्या त्या अध्यायात एक आकडा आहे. मंदिराच्या कामावर देखरेख करण्यासाठी त्यांनी कोणाला नेमले? वीस वर्षांच्या आणि त्याहून अधिक वयाच्या लेव्यांना (एज्रा ३:८). गणनेच्या ग्रंथात सेवेसाठी एका ठिकाणी तीस वर्षांची अट आहे (४:३), दुसऱ्या ठिकाणी पंचवीस (८:२४). दावीदाच्या दिवसांत ती वीस झाली (१ इतिहास २३:२४). काम मोठे आणि माणसे थोडी, तेव्हा देवाच्या लोकांनी तरुणांवर भरवसा टाकला. आपल्या पंच कमिटीत वीस वर्षांचे किती आहेत? तरुणांना आपण खुर्च्या मांडायला बोलावतो, पण हिशेब पाहायला बोलावत नाही. मग तेच तरुण म्हणतात, "ही मंडळी त्यांची आहे, आमची नाही." हे वाक्यसुद्धा रडण्याचेच आहे. ते ऐकू यायला मात्र कान लागतो.

आणि तरुणांनी हेही पाहावे की नव्या पायावर लोकांनी गाणे कोणते गायले. ते दावीदाच्या काळचे, म्हणजे कित्येक शतकांचे जुने होते. बंदिवासात वृद्धांनी ते जपले नसते, मुलांना शिकवले नसते, तर त्या दिवशी तरुणांच्या तोंडी कोणते गाणे असते?

भाषा आडवी येते तेव्हा

आपल्या प्रांतांतल्या मंडळ्यांत पिढ्यांच्या मध्ये वयाबरोबर भाषाही उभी राहते. १९५६ साली राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. १९६० साली गुजरात वेगळे राज्य झाले. इंदूर-ग्वाल्हेरला शाळेची आणि बाजाराची भाषा हिंदी आहे. त्यामुळे बडोद्याचा नातू घरी मराठी बोलतो, पण त्याला वाचता येते ती गुजराती लिपी. बेळगावचा एखादा मुलगा कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जातो. शास्त्र उघडले की अडखळतो. ग्वाल्हेरच्या मुलाला देवनागरी वाचता येते, पण तेथे वेगळीच फसगत होते. पाळक 'पापाची शिक्षा' म्हणतात आणि हिंदी शाळेत शिकलेल्या मुलाच्या मनात 'शिक्षा' म्हणजे शिक्षण! आजोबा म्हणतात, "देवाच्या वचनाची चेष्टा करू नकोस." नातू गोंधळतो, कारण हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. तो धीर करून विचारतो, "आजोबा, म्हणजे काय?" आणि उत्तर मिळते, "एवढे मराठी येत नाही तुला?" त्या एका उत्तराने दार बंद होते. तो पुन्हा विचारीत नाही.

उलट बाजूही पाहा. आजी मोबाईल घेऊन नातवाकडे येते. "बाळा, मावशीला फोटो कसा पाठवायचा, दाखव ना." तो फोन तिच्या हातातून घेतो, दोन बोटांनी काहीतरी करतो आणि परत देतो. "हे घे, झाले." काम झाले, पण आजीला काही शिकायला मिळाले नाही. आपण अडगळ झालो आहोत एवढेच तिला कळले. तीही पुन्हा विचारीत नाही. एका बाजूला "एवढे येत नाही?" आणि दुसऱ्या बाजूला "हे घे, झाले", एकाच घरातली माणसे अशी मुकी होत जातात.

नहेम्याच्या ग्रंथात या प्रश्नाची दोन चित्रे आहेत. शेवटच्या अध्यायात तो पाहतो की काही यहूदी घरांतली निम्मी मुले अश्दोदी बोलतात आणि त्यांना यहूद्यांची भाषा येत नाही. तेथे मूळ वाद परक्या लग्नांचा होता. पण ती भाषा ऐकून नहेम्या इतका संतापला की त्याने काही बापांचे केस उपटले (१३:२४-२५). त्याची तळमळ आपण समजू शकतो. तरी केस उपटल्याने कोणाच्या मुलाला भाषा आली, असे तेथे लिहिलेले नाही. दुसरे चित्र आठव्या अध्यायात आहे. लेव्यांनी नियमशास्त्र स्पष्ट वाचले, त्याचा अर्थ सांगितला, आणि लोकांना समजले (८:८). समजले तेव्हा लोक रडले, आणि मग आनंद करण्यासाठी घरी गेले. भाषा टिकते ती अशी, समजावून सांगणाऱ्याच्या धीराने.

आपल्याच परंपरेत याचे मोठे उदाहरण आहे. पंडिता रमाबाई संस्कृतच्या विदुषी होत्या. त्यांना जड भाषा लिहिणे काही अवघड नव्हते. पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्याभोवती साध्या, अल्पशिक्षित स्त्रिया आणि मुली होत्या. त्यांना कळावे म्हणून उतारवयात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक यांवरून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. १९२२ साली त्यांचे निधन झाले; आयुष्याच्या अखेरपर्यंत त्या या कामात होत्या. ज्याला अधिक येते त्याने खाली वाकायचे, हा त्यांचा धडा आहे. प्रभू येशूच्या देहधारणाचाही धडा हाच नव्हे काय?

आमचे म्हणणे असे नाही की मराठी सोडून द्यावी. तिच्यात आपल्या आईबापांनी प्रार्थना केल्या आहेत. परंतु बडोद्यात गीताच्या ओळी गुजराती लिपीत लिहून दिल्या, किंवा पडद्यावर मराठी वचनाखाली हिंदी अर्थ दाखवला, तर मराठी मरत नाही. मुलगा बाहेर जाऊन उभा राहतो तेव्हा मात्र ती मरते.

एली आणि शमुवेल

शिलोच्या मंदिरातली रात्र आपल्याला ठाऊक आहे (१ शमुवेल ३). वृद्ध एलीची दृष्टी मंद झाली होती. बाळ शमुवेलाला हाक ऐकू आली, पण ती कोणाची हे कळले नाही. तो तीन वेळा धावत एलीकडे गेला. दोन वेळा एलीने त्याला परत निजायला पाठवले. तिसऱ्या खेपेस त्याला उमगले की मुलाला हाक मारणारा परमेश्वर आहे. येथे दोन्ही पिढ्या अपुऱ्या आहेत. मुलाला ऐकू येते, ओळखता येत नाही. म्हाताऱ्याला ओळखता येते, पण हाक त्याला येत नाही. शमुवेल एलीकडे धावला नसता, किंवा एलीने तिसऱ्यांदा चिडून त्याला हाकलले असते, तर त्या रात्री देवाचे वचन कोणापर्यंत पोहोचले असते?

आणि सकाळी काय झाले? शमुवेलाला मिळालेला संदेश एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. मुलगा सांगायला भ्याला. एलीने त्याला जवळ बोलावले, माझ्या मुला असे म्हटले, आणि काही लपवू नकोस असे बजावले. शमुवेलाने सर्व सांगितले. तो म्हातारा रागावला नाही. हा परमेश्वराचा निर्णय आहे असे म्हणून त्याने मान लववली. एलीच्या हातून आपल्या मुलांच्या बाबतीत पुष्कळ चुकले होते, पण या घडीस तो थोर दिसतो. कटू गोष्ट लहानाच्या तोंडून ऐकून घेणे हे वृद्धपणाचे भूषण आहे. तरुणांनीही लक्षात घ्यावे की शमुवेलाने ती गोष्ट चौकात ओरडून सांगितली नाही. वडील माणसाला दटावू नये, बापासारखे मानून बोध करावा, असे पौलाने तरुण तीमथ्याला लिहिले (१ तीमथ्य ५:१). त्याच पत्रात, तुझ्या तारुण्याला कोणी तुच्छ मानू नये असे वागावे, असेही लिहिले (४:१२). ही दोन्ही वचने एकत्र वाचावीत. तरुण फक्त दुसरे पाठ करतात आणि वृद्ध फक्त पहिले. तेथेच भांडण सुरू होते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने बारा धोंडे उभे केले. ते कशासाठी? पुढे मुले विचारतील की हे धोंडे काय आहेत, तेव्हा सांगण्यासाठी (यहोशवा ४:६-७). वल्हांडणाविषयी असेच आहे (निर्गम १२:२६), आज्ञांविषयीही असेच आहे (अनुवाद ६:२०). तिन्ही ठिकाणी आधी मुलाचा प्रश्न येतो आणि मग वडिलांचे उत्तर. आपल्या शाळांत पुष्कळदा उत्तरेच तयार असतात. प्रश्नाला वेळ नसतो.

म्हणून एक साधा पाठ सुचवतो. प्रत्येक मुलाला मंडळीतल्या एका वृद्ध सभासदाकडे पाठवा. तीन प्रश्न द्या. तुमचे घराणे या गावात कधी व कसे आले? तुमच्या घरात प्रभू येशूचे नाव पहिल्यांदा कोणी आणले? तुमचे आवडते गीत कोणते, आणि का? मुलांनी उत्तरे आपल्याला येईल त्या लिपीत लिहून आणावीत. पुढच्या आठवड्यात तीन प्रश्न वृद्धांकडे द्या, ते त्यांनी मुलांना विचारायचे. शाळेत प्रभूविषयी बोलणे कठीण जाते काय? कशाची भीती वाटते? उपासनेतला कोणता भाग कळत नाही? उत्तर ऐकताना मध्येच उपदेश करायचा नाही, एवढी अट घालावी. अट कठीण आहे, पण फळ गोड आहे.

विचारण्याने काय होते याचे उदाहरण आपल्या साहित्यात आहे. रेव्ह. टिळकांच्या मागे त्यांचे पुत्र देवदत्त यांच्या आग्रहावरून लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणी लिहिल्या. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. पण मुलाने विचारले, आईने सांगितले, आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक मराठीला मिळू लागले. मुलाने विचारले नसते तर? आपल्या मंडळ्यांतल्या किती लक्ष्मीबाई न विचारल्यामुळे मुक्याच देवाघरी गेल्या असतील! यहोशवानंतर परमेश्वराला व त्याच्या कार्यांना न ओळखणारी पिढी उठली असे शास्त्र सांगते (शास्ते २:१०). वडिलांनी सांगितले नाही की मुलांनी विचारले नाही, ते तेथे लिहिलेले नाही. ते न लिहिणेच बरे. दोष कोणाचा हे ठरवण्यात दोन्ही पिढ्यांचा वेळ गेला असता.

एक रस्ता, दोन्ही वये

ज्या मंदिराच्या पायाशी ते रडणे आणि तो जयघोष झाला, ते इ. स. पूर्व ५१५ च्या सुमारास बांधून पूर्ण झाले. त्या दिवसांत जखऱ्याला परमेश्वराने यरुशलेमेचे भविष्य दाखवले. त्यात सोने नाही, सैन्य नाही. हातात काठी घेतलेले अतिवृद्ध पुरुष आणि स्त्रिया नगराच्या रस्त्यांवर बसले आहेत, आणि तेच रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरले आहेत (जखऱ्या ८:४-५). वृद्धांना एक चौक आणि मुलांना दुसरा, असे देवाने केले नाही. खेळणाऱ्या मुलांचा चेंडू कधी आजोबांच्या काठीला लागेल, कधी आजोबा ओरडतील. तरी रस्ता एकच आहे, आणि देवाच्या दृष्टीने नगर वसल्याची खूण हीच आहे.

बंधुभगिनींनो, पायाभरणीच्या दिवशी दूर उभ्या असलेल्या लोकांना रडणे आणि जयघोष वेगळे करता आले नाहीत. त्यांना देवाच्या लोकांचा एकच मोठा आवाज ऐकू आला. आपल्या गावातल्या शेजाऱ्यांना आपल्या मंडळीतून काय ऐकू जाते? आजोबांचे जुने गीत आणि नातवाचे नवे गीत एकाच छपराखालून ऐकू गेले, तर त्यांना कळेल की येथे देवाचे घर बांधले जात आहे. येत्या रविवारी उपासना संपल्यावर लगेच बाहेर पडू नका. वृद्धांनो, एका तरुणाजवळ जाऊन त्याचे नाव विचारा. तरुणांनो, एका आजीजवळ बसा आणि तिला सावकाश बोलू द्या.

प्रार्थना : हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या देवा, आमच्या वृद्धांच्या अश्रूंना तू तुच्छ मानत नाहीस आणि आमच्या तरुणांच्या आनंदाला तू अडवत नाहीस, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. वडिलांची अंतःकरणे मुलांकडे आणि मुलांची वडिलांकडे फिरव. जे आम्हांला समजत नाही ते विचारण्याचे धैर्य आम्हांला दे, आणि जे आम्हांला ठाऊक आहे ते धीराने सांगण्याची प्रीती दे. आमच्या घरांत आणि मंडळीत तुझी स्तुती एका आवाजाने होवो. येशू ख्रिस्त आमचा प्रभू याच्या नावाने मागतो. आमेन.